बॅग वेळेवर निघाली पाहिजे



गेल्या काही वर्षांत आपल्या अनेक शाखांनी मोबाइलवर आपले बिऱ्हाड थाटले आहे. कोठे व्हॉट्सअॅपवर गट आहे, कोठे फेसबुकवर शाखेच्या नावाचे पान आहे, कोठे यूट्यूबवर चॅनेलही आहे. उद्घाटन थाटात होते. पाहुण्यांच्या हस्ते बटण दाबले जाते, फोटो निघतात, पेढे वाटले जातात. पुढच्या महिन्यात एखादे परिपत्रक चढवले जाते. त्यानंतर स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा, दिवाळीच्या शुभेच्छा आणि मग थेट पुढच्या अधिवेशनाचा फलक! मधल्या काळात शाखेत काहीच घडले नाही काय? गँगच्या ड्युटीचे तास बदलले, पोस्टमनच्या दोन बीट एकत्र केल्या, क्वार्टरचे छत गळले, एका सहकाऱ्याची अन्यायाची बदली भांडून रद्द करून घेतली. घडले बरेच, पण ते कोणी लिहिले नाही.

का लिहिले नाही, असे विचारले तर उत्तर ठरलेले असते. ‘मजकूर तयार आहे, जरा नीट करतो आहोत.’ हे ‘जरा’ तीन महिने चालते. तोवर प्रश्न शिळा होतो आणि कागद टेबलाच्या खणात जातो.

याचे कारण आळस नव्हे. रात्रपाळी करून सकाळी सभासदांची गाऱ्हाणी घेऊन साहेबांच्या दारात उभा राहणारा कार्यकर्ता आळशी नसतो. आपले लिहिणे-बोलणे सर्वांगाने निर्दोष झाल्याशिवाय चारचौघांपुढे ठेवायचे नाही, हा त्याचा हट्ट नडतो. वरवर हा गुण दिसतो. आमचे स्पष्ट मत असे आहे की, हा हट्ट संघटनेला महाग पडत आहे आणि तो आता सोडला पाहिजे.

व्हाइटफील्डमधली आपली मुले

बेंगळुरूच्या पूर्वेला, चेन्नईकडे जाणाऱ्या लोहमार्गावर व्हाइटफील्ड हे स्टेशन आहे. १८८२ साली अँग्लो-इंडियन कुटुंबांसाठी वसवलेली ही वसाहत. मालवाहतुकीत काम केलेल्या साथींना तिथला कंटेनर डेपो ऐकून माहीत असेल. आज मात्र हे नाव घेतले जाते ते संगणक कंपन्यांसाठी. आपल्या रेल्वे वसाहतींतून आणि पोस्टल क्वार्टर्समधून शिकून बाहेर पडलेली कितीतरी मराठी मुले-मुली आज तिथे नोकरी करतात.

त्यांच्या कामाची रीत समजून घेण्यासारखी आहे. बहुतेक ठिकाणी काम पंधरवड्यापंधरवड्याने चालते. मोठ्या कामाचे लहान तुकडे करतात. ठरलेल्या तारखेला जेवढे तयार आणि तपासलेले असेल तेवढे पुढे जाते. जे राहिले ते यादीत लिहून पुढच्या पंधरवड्यावर टाकतात. वापरणाऱ्याने दोष दाखवला की त्याची नोंद होते आणि पुढच्या आवृत्तीत तो दुरुस्त होतो. २००१ साली अमेरिकेतल्या यूटा राज्यात सतरा संगणकतज्ज्ञांनी एकत्र बसून या विचाराचा एक छोटा जाहीरनामा काढला होता. वर्ष-दोन वर्षे बंद खोलीत घोटून ‘परिपूर्ण’ केलेले काम बाहेर येईपर्यंत लोकांची गरजच बदललेली असते, हा त्यामागचा अनुभव.

आपल्या टपाल खात्यातही हेच झाले. नवी संगणक प्रणाली आणताना २०२५ च्या मे-जूनमध्ये ती आधी कर्नाटक मंडळात चालवून पाहिली. तिथे दोष सापडले, त्यांची दुरुस्ती केली आणि ४ ऑगस्ट २०२५ पर्यंत ती देशातल्या सर्व २३ मंडळांत गेली. खाते जर चुकत-दुरुस्त करत पुढे जाते, तर शाखेच्या पंधरा ओळींच्या निवेदनाने निर्दोष होण्याची वाट का पाहावी?

मात्र व्हाइटफील्डचे सगळेच उचलण्यासारखे नाही. तिथली तारीख मालकाची असते आणि ती गाठण्यासाठी रात्र जाते ती कामगाराची. २०२४ च्या जुलैत कर्नाटकात आयटी क्षेत्रातला कामाचा दिवस चौदा तासांपर्यंत नेता येईल अशा कायदेदुरुस्तीची हालचाल झाली, तेव्हा २०१७ साली स्थापन झालेल्या तिथल्या आयटी कर्मचाऱ्यांच्या ‘किटू’ या युनियनने तिला उघड विरोध केला. म्हणजे लॅपटॉपवर काम करणाऱ्यालाही शेवटी युनियनच काढावी लागली. आपण त्या कामाचा ताल घ्यावा, चाबूक घेऊ नये. तारीख आपणच ठरवावी आणि आपल्याला पेलेल अशीच ठरवावी.

आणखी एक गोष्ट रेल्वेच्या साथींनी ध्यानात घ्यावी. २०१६ च्या अखेरीस बेंगळुरूच्या नागरिकांनी उपनगरी रेल्वेसाठी मोहीम उघडली. घोषणा होती ‘चुकु बुकु बेकु’, म्हणजे ‘झुकझुक गाडी हवी’. तीन शब्दांची ही बालबोध घोषणा मोबाइलवरून शहरभर फिरली आणि लोक ती घेऊन स्टेशनांवर उभे राहिले. २०२२ च्या जूनमध्ये उपनगरी रेल्वे प्रकल्पाची पायाभरणी झाली. त्याच्या चार मार्गांपैकी एक केंगेरीहून व्हाइटफील्डला जाणारा आहे. काम अजून पुरे व्हायचे आहे आणि केवळ घोषणेने रूळ पडत नाहीत, हे आपल्याला कोणी सांगायला नको. पण प्रवाशांनी आपली बाजू सोप्या शब्दांत आणि पुन्हा पुन्हा मांडली, हे खरे. त्याच गाड्या चालवणाऱ्या, रूळ राखणाऱ्या माणसांची बाजू तितक्या सोप्या शब्दांत आणि तितक्या वेळा कोण मांडतो?

भीती येते कोठून?

पहिली भीती शाळेतली. ऱ्हस्व-दीर्घ चुकले म्हणून वहीवर ओढलेली लाल रेघ आपल्यापैकी अनेकांच्या मनावरून अजून पुसली गेलेली नाही. ‘आपले मराठी शुद्ध नाही’ असे म्हणून उत्तम बोलणारा पॉइंट्समन लेखणी खाली ठेवतो. पण शुद्ध म्हणजे काय, हेही काळाप्रमाणे बदलत आले आहे. जुन्या पुस्तकांत ‘नाहीं’, ‘कांहीं’ असे अनुस्वार दिसतात. १९६२ च्या नियमांनी ते काढून टाकले. काल जे शुद्ध होते ते आज अशुद्ध ठरले आणि मराठी भाषेचे काही अडले नाही.

दुसरी भीती नोकरीतली, आणि ती अधिक खोल आहे. आपले काम चुकीला माफी नसलेले. पॉइंट चुकीचा लागला तर माणसे मरतात. बचत खात्याची एक नोंद चुकली तर वसुली निघते, चार्जशीट हातात पडते. तीस वर्षे असे काम केलेल्या माणसाला ‘चूक झाली तर पुढच्या वेळी सुधारू’ हे वाक्यच उच्चारवत नाही. ड्युटीवर ही सवय योग्यच आहे. पण तीच सवय आपण लेखणीपर्यंत आणली आणि तिथे तिने आपली वाचा बसवली.

तिसरी भीती नवी आहे. मोबाइल उघडला की चकचकीत चित्रफिती दिसतात. पार्श्वसंगीत, रंगीत अक्षरे, सफाईदार निवेदन. त्यांच्यापुढे आपला गेटवर उभ्याने केलेला फोटो आपल्यालाच गबाळा वाटतो. पण आपल्या सभासदाला करमणूक नको असते. महागाई भत्त्याचा आदेश आपल्याला कसा लागू होतो, रजेचा अर्ज नाकारला तर दाद कोठे मागायची, हे त्याला हवे असते. ते त्याला दुसरे कोणीही सांगणार नाही.

गळका नळ आणि ब्रेक

मग चुकीचे, अर्धवट, वाटेल ते लिहावे काय? मुळीच नाही. कोणती चूक चालते आणि कोणती चालत नाही, हे आपल्या धंद्यानेच आपल्याला शिकवले आहे.

गाडी सुटण्यापूर्वी ब्रेकची तपासणी होते आणि तसे प्रमाणपत्र चालकाच्या हाती पडते. त्यात सवलत नाही. पण एखाद्या डब्यातला नळ गळतो म्हणून गाडी यार्डात उभी राहत नाही. नोंद होते आणि दुरुस्ती पुढे होते. आरएमएसमध्येही तेच. बॅग बंद करण्याची वेळ झाली की ती बंद होते. सॉर्टिंग टेबलावर राहिलेली साधी पत्रे पुढच्या डिस्पॅचने जातात. चार पत्रे राहिली म्हणून सगळी बॅग फलाटावर कोणी अडकवून ठेवत नाही. मात्र हिशेबी टपालाची यादी आणि मोजणी जुळलीच पाहिजे. ती जुळल्याशिवाय सील लागत नाही.

लेखनातही हा भेद करावा. आकडा, तारीख, आदेशाचा क्रमांक, माणसाचे नाव, दुसऱ्याची अब्रू हा झाला ब्रेक. तिथे तपासल्याशिवाय एक शब्दही पुढे जाऊ नये. ऱ्हस्व-दीर्घ, वाक्याचा डौल, फोटोची चमक, शीर्षकाची नक्षी हा झाला नळ. आपली गंमत अशी की, आपण नळ दुरुस्त करण्यात तीन महिने घालवतो आणि ब्रेक न तपासलेला कोणाचा तरी संदेश मात्र क्षणात पुढे ढकलतो! ‘आठव्या वेतन आयोगात इतके वाढणार’ अशा बिनबुडाच्या तक्त्यांनी आपले गट भरलेले असतात. म्हणजे स्वतःच्या खऱ्या लिखाणाला कडक पहारा आणि परक्याच्या खोट्याला मोकळे फाटक. हे उलटे झाले पाहिजे.

आचरण नियमांचाही नीट विचार हवा. केंद्रीय कर्मचाऱ्यांचे १९६४ चे आणि रेल्वेचे १९६६ चे नियम सरकारवरील टीकेला आणि कार्यालयीन कागद बाहेर देण्याला बंधन घालतात. पण त्याच नियमांत, संघटनेचा पदाधिकारी या नात्याने सेवाशर्तींच्या रक्षणासाठी किंवा सुधारणेसाठी प्रामाणिकपणे मत मांडण्याला वाव ठेवलेला आहे. म्हणून मजकूर शाखेच्या नावाने, पदाधिकाऱ्याच्या सहीने जावा. फाइलचा फोटो, ग्राहकाच्या खात्याचा तपशील, जखमी प्रवाशाचा चेहरा कधीही टाकू नये. एवढी शिस्त पाळली तर ‘नियम आहेत’ ही सबब गप्प बसायला पुरी पडत नाही.

लोखंड्यांनी वाट पाहिली नाही

भारतातल्या कामगार चळवळीचे आद्य प्रवर्तक नारायण मेघाजी लोखंडे हे आपल्याच खात्यांतले गृहस्थ. त्यांनी आधी रेल्वेत, मग टपाल खात्यात नोकरी केली आणि पुढे ते मुंबईच्या एका गिरणीत स्टोअरकीपर झाले. कृष्णराव भालेकरांनी १८७७ च्या जानेवारीत पुण्यात सुरू केलेले ‘दीनबंधु’ हे पत्र पैशाअभावी थकले होते. १८८० साली लोखंड्यांनी ते मुंबईत आणून चालवायला घेतले. पाठीशी भांडवल नाही, सुशिक्षितांची वाहवा नाही. १८८४ साली त्यांनी मिल हँड्स असोसिएशन उभी केली आणि आठवड्याची एक सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार अशा मागण्या पुढे ठेवल्या. त्याच मागण्या सभेत, अर्जांत, पत्रांत पुन्हा पुन्हा मांडत सहा वर्षे गेली. १८९० साली मुंबईच्या गिरणी कामगाराला रविवारची सुटी मिळाली. सहा वर्षे न थकता तीच गोष्ट सांगत राहण्याचे ते फळ. १८९७ साली प्लेगने त्यांचा अंत झाला. २००५ साली आपल्याच टपाल खात्याने त्यांच्या नावाचे तिकीट काढले.

लोखंडे ज्या सत्यशोधक चळवळीतून आले तिचे प्रवर्तक जोतीराव फुले. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाले’त जोतीरावांच्या व्याकरणाची खिल्ली उडवली. जोतीराव त्यामुळे थांबले असते तर? ते थांबले नाहीत. ‘शेतकऱ्याचा असूड’ त्यांनी १८८३ साली लिहून पुरा केला. १८८८ मध्ये पक्षाघाताने उजवे अंग लुळे पडले, तेव्हा डाव्या हाताने लिहून त्यांनी ‘सार्वजनिक सत्यधर्म’ सिद्ध केला. डाव्या हाताचे अक्षर सुरेख येत नाही, म्हणून उजवा बरा होण्याची वाट पाहण्याइतका वेळ त्यांच्याजवळ नव्हता. १८९० साली ते गेले आणि पुस्तक १८९१ साली निघाले.

उशिराची किंमत

आज उशिराची किंमत कोण मोजतो, हेही पाहा. १७ जून २०२४ रोजी पश्चिम बंगालमध्ये रंगापानीजवळ मालगाडी कांचनजंगा एक्स्प्रेसवर आदळली. मालगाडीचा चालक त्यात मरण पावला. त्याच दिवशी रेल्वे बोर्डाकडून चालकाने सिग्नल मोडल्याचे सांगण्यात आले. ज्याच्यावर बोट होते तो उत्तर द्यायला जिवंत नव्हता. चालकांच्या संघटनेने लगेच हरकत घेतली की, चौकशी व्हायची असताना मृत चालकाला दोषी ठरवणे अन्यायाचे आहे. सिग्नल बंद असल्याने लाल सिग्नल ओलांडण्याचा लेखी परवाना त्याला दिलेला होता, हेही लवकरच पुढे आले. पुढे रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या अहवालाने स्वयंचलित सिग्नल बिघडल्यावर गाड्या चालवण्याच्या व्यवस्थेतल्या आणि चालकांना दिल्या जाणाऱ्या समजेतल्या उणिवा दाखवल्या.

पहिल्या दिवशी संघटनेजवळ सगळी माहिती नव्हती, असणे शक्यही नव्हते. पण ‘चौकशीआधी निकाल देऊ नका’ एवढे एक वाक्य खरे होते आणि ते वेळेवर बोलले गेले. तेच वाक्य सोळा पानी निवेदनात घालून दोन महिन्यांनी दिले असते, तर त्या चालकाच्या घरच्यांना त्याचा काय उपयोग झाला असता?

दुसरी हानी आवाज न करता होते आहे. ८ मे १९७४ रोजी रेल्वेचा देशव्यापी संप सुरू झाला. तेव्हा पंचविशीत असलेला कामगार आज पंचाहत्तरीच्या पुढे आहे. अटक, निलंबन, वसाहतीतून बाहेर काढलेली कुटुंबे, गुपचूप पोचवलेला शिधा, या आठवणी त्या माणसांच्या डोक्यात आहेत, कागदावर नाहीत. टपाल-तारच्या १९६० आणि १९६८ च्या संपातले साक्षीदार तर त्याहून वयस्क. अनेक शाखांत ‘स्मरणिका काढू’ असे ठरते. मान्यवरांचा संदेश यायचा असतो, जाहिराती जमायच्या असतात, मुखपृष्ठ ठरायचे असते. तोवर दर वर्षी एकेक साक्षीदार निघून जातो. जाऊन बसा त्यांच्याजवळ. मोबाइल समोर ठेवा आणि बोलू द्या. मागे प्रेशर कुकरची शिट्टी वाजली तर वाजू दे. ती शिट्टी पुढे काढता येईल. गेलेल्या माणसाचा आवाज परत आणता येणार नाही.

करायचे काय?

प्रत्येक शाखेने महिन्यातल्या दोन तारखा ठरवाव्यात, समजा १० आणि २५. तीन साथींची जोडणी करावी. एकाने लिहावे, दुसऱ्याने आकडे आणि नावे तपासावीत, तिसऱ्याने तारीख पाळावी. हा तिसराच महत्त्वाचा, कारण ‘आता पुरे, जाऊ दे’ म्हणण्याचा अधिकार त्याचा. दर सहा महिन्यांनी माणसे बदलावीत आणि त्यात महिला साथी व ग्रामीण डाक सेवक आवर्जून असावेत, म्हणजे एकाच सेक्रेटरीच्या मानेवर जू राहणार नाही.

मजकूर तीनशे-चारशे शब्दांचा पुरे. एका कामाच्या जागेची हकिगत, एका आदेशाचा सोपा अर्थ, सुटलेली एक तक्रार आणि शेवटी ‘दुरुस्ती’ हे सदर. मागच्या वेळी काही चुकले असेल तर ते तिथे स्वच्छ सांगावे. चूक कबूल करणाऱ्या शाखेवर सभासदाचा विश्वास वाढतो. ज्याला लिहायला जमत नाही त्याने बोलावे, दुसऱ्याने उतरवून घ्यावे. पहिले चार-सहा लेख ओबडधोबड होतील. होऊ देत. कॅरेजच्या कारखान्यात पहिल्या दिवशी कोणाचा हात बसला होता?

आणि ज्यांना शुद्ध मराठी येते अशा साथींनाही एक विनंती. नवख्याच्या मजकुरातले ऱ्हस्व-दीर्घ गटात चारचौघांपुढे दाखवू नका. फोन करून सांगा, किंवा आधीच हात लावून द्या. एका थट्टेने एक लेखणी कायमची बंद पडते.

येत्या १० तारखेला जेवढे तयार असेल तेवढे तपासा, बॅगेत टाका आणि सील लावा. राहिलेले २५ च्या डिस्पॅचने जाईल.